कुगावचा काठ आणि अम्मींचे माहेर

सोलापुरात राहणाऱ्या माणसाला पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार यावर आमच्या घरातले धुणे ठरते, पाहुण्यांची दावत ठरते आणि पोरांच्या आंघोळीही ठरतात. चार-पाच दिवसांनी पाणी आले की शेजारीण भिंतीवरून हाक मारते, "आया, पानी आया!" मग हातातले काम टाकून पिंप, घागरी, बादल्या, अगदी चहाच्या पातेल्यापर्यंत सारे भरून ठेवायचे.

वर्गात आम्ही मुलांना दरवर्षी एक प्रश्न विचारतो, "आपल्या नळाला पाणी कुठून येते?" पहिले उत्तर येते, "टाकीतून." दुसरे येते, "उजनीतून." तिथे प्रश्न संपतो. उजनीत ते पाणी जिथे साठले आहे, तिथे पूर्वी काय होते, हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते, आणि तेही आमच्या सासूबाईंचे माहेर त्याच पाण्याखाली असताना.

सासूबाईंना घरात सारेच अम्मी म्हणतात. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. करमाळा तालुक्यात, भीमेच्या जुन्या काठावरच्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. लग्न होऊन त्या सोलापुरात आल्या आणि पुढे काही वर्षांत धरणाचे पाणी चढले. गाव उठले. माणसे, गुरे, दारे-खिडक्या, घरावरचे पत्रे सारे वर नव्या गावठाणात आले. जे आणता आले नाही ते तिथेच राहिले. त्यात कब्रस्तान होते, आणि त्या कब्रस्तानात अम्मींचे अब्बा होते.

2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत अम्मी एका रात्री जेवताना सहज म्हणाल्या, "एक बार वो पानी तो देखके आती मैं." चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच बोलून दाखवले होते. जेवण झाल्यावर मुलांच्या अब्बांनी रेल्वेचे वेळापत्रक काढले.

वडापातून काठावर

अम्मींची धाकटी बहीण इंदापूरला दिलेली आहे. सोलापूरहून इंदापूर म्हणजे सरळ पुणे रस्ता, एसटीत बसले की झाले. पण अम्मींना जुने पाणी पाहायचे होते. म्हणून आम्ही आडवाट धरली. रेल्वेने जेऊर, तिथून वडापाने चिखलठाणवरून कुगाव, आणि कुगावहून होडीने पलीकडे कळाशी. कळाशी इंदापूर तालुक्यात, म्हणजे पुणे जिल्ह्यात येते. नकाशात पाहिले तर कुगाव आणि कळाशी समोरासमोर आहेत, मध्ये फक्त पाणी. पण होडी सोडून रस्त्याने जायचे तर एकीकडे टेंभुर्णीचा वळसा, नाहीतर दुसरीकडे डिकसळचा. डिकसळचा पूल इंग्रजांनी रेल्वेसाठी बांधलेला, आता जीर्ण झालेला. त्यामुळे या काठच्या लोकांना दवाखाना, बाजार, कॉलेज, सोयरीक, सगळ्यासाठी होडीच जवळची.

जेऊर सोडले की थोड्या वेळाने रस्त्याचा रंग बदलतो. करमाळा म्हणजे दुष्काळी तालुका असेच आपण ऐकलेले असते. पण उजनीच्या फुगवट्याच्या कडेने ऊस आणि केळी यांच्या हिरव्या भिंती उभ्या आहेत. इथल्या कंदर परिसरातली केळी आखाती देशांत जाते. वडापवाला ते अभिमानाने सांगत होता. आमच्या मोठ्या जाऊबाईंचा भाऊ दुबईला असतो. पोरगी लगेच म्हणाली, "म्हणजे मामू तिकडे आपल्याच जिल्ह्यातली केळी खात असतील!" असतीलही.

मग एका वळणावर पाणी दिसले. आम्ही समुद्र पाहिलेली माणसे, तरी गप्प झालो. धाकटा तेवढा ओरडला, "दादी, कित्ता पानी है!" अम्मी काही बोलल्या नाहीत.

थोडी माहिती इथेच द्यायला हवी. भीमा भीमाशंकरला उगम पावते आणि 861 किलोमीटर वाहून रायचूरजवळ कृष्णेला मिळते. माढा तालुक्यात उजनीला तिच्यावर बांधलेले धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. त्याला 41 दरवाजे आहेत. जलाशयाचे नाव यशवंतसागर. त्याची साठवण 117 टीएमसी आहे, पण त्यातले 63 टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठा आहे. वर्तमानपत्रात "उजनी शून्य टक्क्यांवर" अशी बातमी येते, तेव्हा धरण कोरडे पडलेले नसते. निम्म्याहून जास्त पाणी तळाला असतेच. त्यानंतर जे वापरले जाते ते "उणे" मोजतात. उन्हाळ्यात पाणी जसजसे मागे सरते, तसतसे शेतकरी आपल्या मोटारी, पाइप आणि केबली घेऊन पाण्यामागे जात राहतात. काठाला चिखलात एकामागे एक मांडलेल्या मोटारी पाहिल्या की वाटते, एवढी सगळी शेते एकाच घागरीला तोंड लावून बसली आहेत.

"बसा की, च्या घ्या"

कुगावच्या काठावर आम्ही पोहोचलो तेव्हा एक होडी नुकतीच सुटली होती. तिच्यात दोन मोटारसायकली उभ्या होत्या, एक शेळी होती, आणि डोक्यावर पदर घट्ट धरून बसलेल्या चार-पाच बाया होत्या. पुढची होडी माणसे जमल्यावर सुटणार. म्हणजे कधी, ते कोणालाच सांगता येत नव्हते.

काठाला एक टपरी होती. चार बांबू, वर पत्रा, बाजूला उसाच्या पाचटाचा आडोसा. टपरीवरच्या काकूंनी अम्मींना लांबूनच पाहिले आणि आतून प्लास्टिकची खुर्ची आणून सावलीत ठेवली. "या की आजी, बसा की. उन्हाचं चालून आलासा. च्या घ्या." आम्ही पैशांचे विचारले तर म्हणाल्या, "पोरांचं द्या. म्हाताऱ्या माणसाच्या च्याचं काय पैसं घ्यायचं?"

बोलता बोलता त्यांनी विचारले, कुठल्या, कुठे निघालात. अम्मींनी आपल्या जुन्या गावाचे नाव सांगितले. काकूंचा हात किटलीवरच थांबला. "म्हंजी तुम्ही आमच्या धरणातल्याच की!" धरणातल्या. या काठावर ही एक जातच आहे. कोणाचे सासर पाण्यात, कोणाचा मळा, कोणाची विहीर. नाव, आडनाव, जात, धर्म नंतर विचारतात. आधी विचारतात, तुमचे काय पाण्यात गेले.

मग चहावर भागले नाही. काकूंचे यजमान आणि दीर मासे धरतात. सकाळच्या जाळ्यात चिलापी आली होती. काकूंनी जरा अडखळत विचारले, "तुमच्यात मासा चालतो न्हवं? न्हाई, मटणाचं तुमचं येगळं असतं, म्हणून इचारलं." अम्मींनी समजावून सांगितले की माशाला जबह लागत नाही, मासा हलालच. काकू खूश. मग ज्वारीची भाकरी, तळलेली चिलापी, शेंगांची चटणी आणि कांदा. धाकट्याने घरी माशाला कधी हात लावला नव्हता. तिथे त्याने दोन तुकडे खाल्ले आणि काटे कसे काढायचे ते काकूंच्या मुलाकडून शिकून घेतले.

जुहरची वेळ झाली होती. आम्ही सोलापूरहून शंभर किलोमीटरच्या पुढे आलो होतो, त्यामुळे चारऐवजी दोन रकात. पण पढायचे कुठे, हा प्रश्न होता. आम्ही काही बोलायच्या आत टपरीमागून एक वयस्क नावाडी घोंगडे घेऊन आले आणि पाचटाच्या आडोशाला अंथरले. "हितं पढा. सूर्य तिकडं मावळतो," असे म्हणून त्यांनी पाण्यापलीकडे हात केला. आम्ही चकित झालो. ते हसले. म्हणाले, "इंदापूरला चाँदशावलीच्या उरसाला हिकडची लई माणसं होडीनं जात्यात. हितंच पढत्यात. आम्हाला ठावं हाय." वजूला पाण्याची कमी नव्हतीच. सोलापुरात तांब्यात मोजून वजू करणारे आम्ही, तिथे घोटाभर पाण्यात उभे राहून वजू केला.

पाण्याखालचे गाव

होडीत बसायला फळी लावलेली होती. नावाडी मामांनी अम्मींचा हात धरला, मुलांच्या अब्बांनी मागून आधार दिला. अम्मींनी सवारीची दुआ पढली. पोरांनीही त्यांच्यामागे पढली. इंजिनाची दोरी दोन-तीनदा ओढल्यावर ते सुरू झाले आणि काठ मागे जाऊ लागला.

नोव्हेंबरचा महिना. भिगवण-कुंभारगावला ज्यांच्यासाठी लोक दुरून येतात ते रोहित पक्षी अजून यायचे होते. पण बगळे होते, पाणकावळे होते, आणि पाण्यात अर्ध्या बुडालेल्या बाभळीच्या वाळक्या फांदीवर चित्रबलाक बसले होते. पोरगी वहीत नोंद करत होती. शाळेतल्या बाईंचे पोर, काय करणार!

मध्यावर आल्यावर अम्मींनी नावाडी मामांना विचारले, "आमचं गाव कुठं आलं?" मामांनी वर नव्या गावठाणाकडे पाहिले, मग समोरच्या टेकाडाकडे, मग हात लांब करून वरच्या अंगाला पाण्यातली एक जागा दाखवली. तिथे पाण्याशिवाय काही नव्हते. अम्मी त्या जागेकडे बघत राहिल्या. मग एकदम बोलू लागल्या. उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत कलिंगडे कशी लावत, रात्री राखणीला अब्बांबरोबर त्या कशा जात, पावसाळ्यात पूर आला की पलीकडे जायला लाकडी नाव कशी असे, आणि नावेचे भाडे पैशात नव्हे तर सुगीला धान्यात कसे देत. आमच्या लग्नाला अठरा वर्षे झाली. यातले एक वाक्यही आम्ही कधी ऐकले नव्हते. मुलांच्या अब्बांनीही नाही.

नावाडी मामांनी कोणी न सांगता इंजिन बंद केले. होडीत इतर सात-आठ माणसे होती. बाजाराला निघालेली, घाईत असलेली. कोणी चकार शब्द काढला नाही. अम्मींनी दोन्ही हात उठवले आणि अब्बांच्या मगफिरतीची दुआ मागितली. त्या थांबल्या तेव्हा आमच्यासमोर बसलेल्या एका आजोबांनी टोपी काढून पाण्याला हात जोडले. त्यांचेही कोणीतरी खाली असणार.

कळाशीला उतरताना मामांनी अम्मींचे भाडे घेतले नाही. म्हणाले, "माहेरला आलेल्या लेकीकडनं घेत न्हाईत." आमचा फोन नंबर मात्र घेतला. "पाणी लई खाली गेलं तर कळवीन. मग चालत जाता येतंय."

मुसाफिराचा हक्क

त्या रात्री इंदापूरला खालांच्या घरी दस्तरखानावर हाच विषय होता. आम्हाला इब्ने बतूता आठवला. चौदाव्या शतकातला हा मोरोक्कोचा मुसाफिर नाईल नदीतून गेला, तेव्हा त्याने लिहून ठेवले की या नदीतल्या प्रवाशाला सोबत शिधा घ्यावा लागत नाही. वजू, नमाज, खरेदी, कशासाठीही हवे तिथे काठाला उतरावे, कारण अलेक्झांड्रियापासून काहिरापर्यंत आणि पुढे अस्वानपर्यंत काठाने बाजार लागलेले आहेत. मोठ्या नदीचे मोठेपण पाण्यावरून तर कळतेच, पण काठावर उतरणाऱ्याला काय मिळते यावरूनही कळते.

आपल्या दीनमध्ये मुसाफिराचा हक्क फार मोठा आहे. जकातीच्या हकदारांत मुसाफिराचे नाव आहे, आणि पाहुण्याची मेहमाननवाजी तीन दिवसांची सांगितली आहे. आपण हे इज्तेमात ऐकतो, मदरशात पोरांना शिकवतो. पण खरे सांगायचे तर शहरातल्या फ्लॅटच्या दाराला डोळा बसवल्यापासून अनोळखी मुसाफिराला आपण शेवटचे कधी जेवू घातले? आम्ही आमच्यापुरते उत्तर शोधले आणि ते फार चांगले आले नाही. कुगावच्या काकूंनी हदीस पढलेली नव्हती. त्यांना एवढेच ठाऊक होते, की पाणी ओलांडून जाणारा माणूस उपाशी जाऊ नये.

मे महिन्याची ती संध्याकाळ

2024 चा उन्हाळा उजनीसाठी फार कठीण गेला. आधीच्या पावसाळ्यात धरण भरलेच नव्हते. मे महिन्यात पाणी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले. जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर, जे एरवी पाण्यात असते, ते उघडे पडले आणि लोक ते बघायला गर्दी करू लागले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात नावाडी मामांचा फोन आला. "आजीला घिऊन या. गावाच्या भिताडं दिसाय लागलीत."

आम्ही महिन्याच्या शेवटी जायचे ठरवले. आणि 21 मे च्या रात्री बातमी आली. कुगावहून कळाशीला निघालेली होडी संध्याकाळच्या वादळात उलटली. होडीत सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण बुडाले. त्यात लहान मुलेही होती. एनडीआरएफच्या जवानांना मृतदेह शोधायला पुढचे दोन दिवस लागले.

तोच काठ, तेच पाणी. त्या रात्री आमच्या घरात कोणी नीट झोपले नाही. पोरगी उठून आमच्याजवळ येऊन झोपली. आम्हाला राहून राहून एक गोष्ट टोचत होती. नोव्हेंबरात आम्ही दोन लेकरे आणि एक म्हातारी घेऊन त्या पाण्यावर गेलो होतो. एकाच्याही अंगात जॅकेट नव्हते. आणि आम्ही विचारलेसुद्धा नव्हते. घरी स्कूटरवर हेल्मेटसाठी पोरांना रागावणारे आम्ही, पाण्यावर गेल्यावर हवेत आणि भाकरीत रमलो. दुआ पढलो हे ठीक. पण उंट बांधून मग तवक्कुल करावा, हे आपल्याला शिकवलेले आहे. आम्ही उंट बांधला नव्हता.

सकाळी मामांना फोन केला. ती होडी त्यांची नव्हती, पण काठ त्यांचा होता. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "चाळीस वर्सं पाणी वळखतो आम्ही. पर वाऱ्याला वळख नसती, ताई."

उघडे पडलेले माहेर

आम्हाला वाटले, अम्मी आता जायचे नाव काढणार नाहीत. पण त्याच म्हणाल्या, "पानी पर नहीं जाना. चलके जाना है ना? पाऊस आला की फिर नहीं दिखेगा." शाळा 15 जूनला उघडणार होती, बकरी ईद दहा-बारा दिवसांवर होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा जेऊरला उतरलो.

या वेळी काठावर शांतता होती. प्रवासी होडी बंद. काकूंच्या टपरीत चहा होता, पण गिऱ्हाईक नव्हते. त्यांनी अम्मींना पाहिले आणि दोघी एकमेकींचा हात धरून नुसत्याच बसल्या. अपघाताचे कोणी काही बोलले नाही. टपरीच्या खांबाला एक फुलांची माळ बांधलेली होती, सुकलेली.

मामा आम्हाला काठाकाठाने घेऊन गेले. पाणी खूप मागे सरले होते. वाळलेल्या गाळाला हातभर रुंदीच्या भेगा पडल्या होत्या. त्यावरून अम्मी काठी टेकत, थांबत थांबत चालल्या. पहिल्यांदा एक जोते दिसले. मग दुसरे. एका ठिकाणी विहिरीचा कठडा गाळातून वर आला होता. एका जोत्यावर अर्धे जाते पडले होते. भिंती गुडघाभर उंचीच्या, पण गल्ली ओळखू येत होती. अम्मी त्या गल्लीत शिरल्या, सत्तरी ओलांडलेली बाई, आणि बोट दाखवत गेल्या. इथे सुताराचा वाडा, इथे पारावर लिंब, इथून नदीला उतार. पोरगी मागे मागे वहीत नकाशा काढत होती.

कब्रस्तानाच्या जागी मात्र काही नव्हते. एकसारखा, सपाट, भेगाळलेला गाळ. एकही कबर ओळखू येत नव्हती. चाळीसहून अधिक वर्षांच्या गाळाने सारे सारखे करून टाकले होते. आम्हाला भीती वाटली, अम्मी खचतील. त्यांनी इकडे तिकडे पाहिले, उताराची दिशा धरली, पावले मोजल्यासारखी थोडी चालल्या आणि थांबल्या. "इथंच कुठं तरी," म्हणाल्या. दुआ मागितली. परतताना वाकून मूठभर गाळ उचलला आणि रुमालात बांधला. घरी येऊन तो त्यांनी कुंडीत टाकला. त्या कुंडीत पुदिना आहे. तो आम्ही रोज खातो.

वाटेत पोरगीने विचारले, "दादी, तुम्हाला राग नाही येत? आपल्याला पाणी मिळावे म्हणून तुमचे गाव बुडाले." अम्मींनी जे उत्तर दिले ते आम्ही त्यानंतर वर्गात दरवर्षी सांगतो. त्या म्हणाल्या, "गुस्सा काहेका? पानी वाया घालवलं, तर येतो गुस्सा." आता आमच्या घरात नळ चालू ठेवून कोणी दात घासत नाही.

पूल आणि टपरी

निघताना काकूंनी विचारले, "पूल होणार म्हणं. खरंच होतोय का वो?" शिरसोडी ते कुगाव असा पूल शासनाने मंजूर केला आहे. तो झाला की पलीकडे जायला होडी लागणार नाही, वळसाही नाही. आम्ही म्हणालो, व्हायलाच हवा. त्यांनीही मान हलवली. "व्हायलाच पाहिजे. ती लेकरं गेली, त्यापायी तरी व्हायला पाहिजे." मग किटली पुसता पुसता म्हणाल्या, "पूल झाला की हितं कोण थांबंल? गाड्या सरळ जातील."

याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. एका बाजूला सहा जीव आहेत, रोज जीव मुठीत धरून कॉलेजला जाणारी पोरे आहेत, अडलेल्या बाळंतिणी आहेत. तिथे कोणती टपरी आणि कोणती भाकरी तोलायची? पूल हवाच. पण पूल झाल्यावर आपण काठावर थांबायचे की नाही, हे पूल ठरवत नाही, आपण ठरवतो. उजनीच्या जलपर्यटनाच्या योजनांची चर्चा आता जोरात आहे. त्यात मोठ्या बोटी येतील, रिसॉर्ट येतील. ज्यांची गावे या पाण्यात गेली, त्यांच्या पोरांना त्यात नावाड्याचे, वाटाड्याचे, खानावळीचे काम मिळाले, तर ते पाणी त्यांना थोडे तरी परत मिळाले असे म्हणता येईल.

जाणाऱ्यांसाठी

या भागात जायचे असेल तर काही गोष्टी आमच्या अनुभवावरून सांगतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. हवा थंड असते आणि पक्षी असतात. रोहित पाहायचे असतील तर हिवाळ्याच्या शेवटी भिगवणजवळ कुंभारगावला जावे. तिथले मासेमार पहाटे होडीतून पक्षी दाखवतात.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर पाण्यावर जाऊ नये. वळवाचे वादळ दहा मिनिटांत उठते. आभाळ भरले असेल आणि नावाडी "जाऊ की" म्हणाला, तरी आपण थांबावे. घाई आपली असते, जीवही आपलाच असतो.

होडीत पाय ठेवण्याआधी जॅकेट मागावे. लेकरांच्या मापाचे नसेल तर लेकरांना बसवू नये. होडीत आधीच गर्दी असेल, मोटारसायकली चढवलेल्या असतील, तर पुढच्या होडीची वाट पाहावी. विचारायला लाजू नये. आम्ही लाजलो नव्हतो, आम्हाला सुचलेच नव्हते. ते जास्त वाईट.

सोबत पिण्याचे पाणी, उन्हाची टोपी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी घडीची खुर्ची घ्यावी. काठावर स्वच्छतागृहाची सोय असेलच असे नाही, तेव्हा बायकांनी जेऊर किंवा इंदापूर सोडण्याआधी ते पाहून घ्यावे. हलाल जेवणाची चिंता फार करू नये, मासा मिळतो. प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या परत आणाव्यात. ते पाणी शेवटी आपल्याच नळाला येते.

आणि काठावर कोणी "बसा की" म्हणाले, तर बसावे. घड्याळ पाहू नये.

यंदा आमच्या घरी एक बदल झाला आहे. सोलापूरला दवाखान्यासाठी आलेल्या माणसांना रात्र काढायला जागा नसते, हे आपण रोज पाहतो. नावाडी मामा त्यांच्या मिसेसच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आले, तेव्हा ते चार दिवस आमच्याकडे राहिले. पहिल्या सकाळी नळाला पाणी आले आणि आमची नेहमीची धावपळ सुरू झाली. मामा उठून बादल्या भरू लागले. आम्ही नको नको म्हणत होतो. ते म्हणाले, "भरू द्या की ताई. आमच्याच गावचं पाणी हाय."